सातव्या देवळापर्यंत

अकरा माणसांचा ग्रुप, आणि मोजले तर दहाच भरत होते. मी पुन्हा मोजले. दहाच. टूर मॅनेजर मी, सगळ्यांची जबाबदारी माझ्यावर.

"अहो कुंदाताई, तुमच्या मातोश्रीच नाहीत," फणसळकर काका म्हणाले. सांगताना त्यांना थोडी मजाही वाटली असावी. आदल्याच दिवशी ते बसमध्ये उशिरा आले म्हणून मी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं.

कंबोडियातल्या त्या अफाट मोठ्या देवळात, अंगकोर वाटमध्ये, आम्ही सकाळपासून फिरत होतो. आमचा तिथला गाइड सोफाल म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथेच थांबा. मी बघतो." हा पन्नाशीला टेकलेला हडकुळा माणूस. दहा वर्षं मराठी ग्रुप फिरवून 'चला चला', 'टोपी घाला' आणि 'पाणी प्या' एवढं मराठी त्याला पाठ झालं होतं. बाकी आमचं इंग्रजीत चालायचं. पण थांबते कसली मी! सगळ्यांना सावलीत बसवलं आणि ओवरीतून धावतच सुटले.

आई सापडली समुद्रमंथनाच्या भिंतीपाशी. पन्नासेक पावलं लांबीची असेल ती भिंत. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, मधे वासुकीची दोरी आणि खाली सगळा घुसळून निघालेला समुद्र. त्या समुद्राला पाठ करून आई एका झाडूवालीशी बोलत होती. बोलत म्हणजे काय, खाणाखुणा. हातातला एक फोटो बाईच्या नाकासमोर धरायची, मग बोटाने बाहेरचा रस्ता दाखवायची, मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट न्यायची. बघितलंस का ह्यांना इथे कुठे? झाडूवाली मान हलवत होती.

तो फोटो मी लांबूनच ओळखला. गोदीच्या फाटकापाशी उभे असलेले माझे बाबा. वय बत्तीस.

"आई, काय चाललंय?"

"काय नाय गे. इचारतंय."

मी तिचा दंड धरला. तिला तिथून हलवायचं होतं, पण ती भिंतीकडे वळून तशीच उभी राहिली.

"समुद्र घुसळल्यानी तेव्हा किती रत्ना वर इली गे?"

"चौदा."

"आमचेय चौदाच," ती म्हणाली, फोटो पिशवीत ठेवला आणि माझ्यापुढे चालायला लागली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण ते दोन शब्द अजून आठवतात. कारण आई ह्या टूरला कशासाठी आली ते मला तेव्हा कळलं.

माझे बाबा बोटीवर खलाशी होते. देवगडकडच्या आमच्या गावातली निम्मी माणसं बोटीवरच असत. मी सहा वर्षांची असताना बाबांची मालवाहू बोट बँकॉकहून निघाली आणि पुढच्या बंदराला लागलीच नाही. वादळ झालं म्हणतात. काही माणसं वाचली, चौदा बेपत्ता. कंपनीच्या पत्रात तेवढाच शब्द होता, बेपत्ता. त्याआधी बँकॉकहून टाकलेलं बाबांचं कार्ड ते पत्र येऊन गेल्यावर आठ दिवसांनी आलं. 'पुढच्या महिन्यात येतो. कुंदाला बाहुली घेतली आहे.' पत्र आधी आणि कार्ड नंतर, त्यामुळे आईने कार्डच खरं धरलं.

बारा वर्षं झाल्यावर आत्या आली, भटजींना विचारून आली होती. दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची, म्हणजे माणूस सुटतो, असं समजावू लागली. आईने चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि आत्याला अंगणापर्यंत सोडून आली! त्यानंतर आमच्या घरी तो विषय कुणी काढला नाही. आईचं कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा सगळं जागच्या जागी राहिलं. पितृपक्षात गावात घरोघरी पानं वाढली जायची, आमच्याकडे नाही.

आणि नाव. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर आईने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तिने लहानपणी ऐकलेलं. ह्या टूरसाठी पासपोर्ट काढायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मिस्टरांचं नाव?" आई गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं. "ह्या सांगतला," म्हणून आईने मला पुढे ढकललं. मागे रांगेत लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशी ती टूरबिरला येणारी बाई नव्हे. काशी नको, रामेश्वर नको, लेकीबरोबर मुंबईला राहणंसुद्धा नको. पण पितृपक्षात मराठी माणूस फिरायला बाहेर पडत नाही, ग्रुप भरेना, एक सीट रिकामी राहिली. मी सहज फोनवर विचारलं, कंबोडियाला येतेस का?

"खय इला ता?"

"थायलंडच्या बाजूला. बँकॉकच्या पुढे."

तिने 'बँकॉक' एकदा स्वतःशीच म्हटलं. मग म्हणाली, "येतंय."

मला वाटलं, म्हातारपणी का होईना, हौस सुचली. आनंदाने मी चार जणांना सांगितलंही. सामान भरताना तिने खडखडे लाडवांचा एक डबा वर ठेवला. फणसळकर काकांनी विमानात वास काढून विचारलं, आम्हाला नाही का? आईने डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हे न्हय." कुणासाठी ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या दिवशी हॉटेलवर परतल्यावर मी सोफालला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. आई आणखी चार दिवस येईल त्या-जाईल त्याला फोटो दाखवत फिरणार, लोक हसणार, ह्याची मला धास्ती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. एकतीस वर्षं मी एका न येणाऱ्या माणसाच्या घरात वाढले होते. दार वाजलं की आईची मान वर व्हायची आणि मला बघून पुन्हा खाली जायची. माझ्या लग्नातसुद्धा तिने मांडवात एक पाट रिकामा ठेवला होता. आता पुरे, असं वाटत होतं.

सोफालने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या आमचा मोठा दिवस. पंधरा दिवस आमच्याकडे मेलेल्या माणसांचे असतात. उद्या शेवटचा. तुमच्याकडेही आहे ना असं काहीतरी?"

मी कॅलेंडर काढलं. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती.

"सकाळी मी माझ्या आईला घेऊन विहारात जाणार," तो म्हणाला. "तुमच्या लोकांना यायचं असेल तर या. गेलेल्यांची नावं कागदावर लिहून दिली की भिक्षूंसमोर वाचतात. कुणाचीही चालतात."

सकाळी बसमध्ये मी हे सांगितलं मात्र, ग्रुप नुसता हरखला. पितृपक्षात फिरायला आल्याची बोच प्रत्येकाच्या मनात होतीच. सोफालने कागदाचे तुकडे वाटले. फणसळकर काकांनी सतरा नावं लिहिली, पानिपतावर गेलेल्या कुणा पूर्वजासकट. मीही एक तुकडा घेतला. शेजारी आई खिडकीतून बाहेर बघत होती, मांडीवर लाडवांचा डबा. इंग्रजी तिला वाचता येत नाही. मी इंग्रजीत बाबांचं नाव लिहिलं, घडी घातली आणि मुकाट्याने सोफालच्या हातात दिली.

तिथेच माती खाल्ली. सोफाल कामाचा चोख माणूस. यादी वाचणाऱ्याला अडू नये म्हणून तो एकेक नाव मोठ्याने वाचून उच्चार विचारत होता. माझा कागद उघडून तो म्हणाला, "मॅडम, हे कसं म्हणायचं? दाता... राम?"

आईने मान वळवली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठली, चालत्या बसमध्ये तोल सावरत पुढे गेली आणि त्याच्या हातातून तो कागद ओढून घेतला.

"जित्या माणसाचा नाव मेलेल्यांत घातलंस?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बापूस नको झालो तुका?"

"आई, एकतीस वर्षं झाली गं..."

"झाली तर झाली! तुझ्याकडे काय मागूक इलंय काय मी?"

कागद तिने पोलक्यात खोचला आणि मागे जाऊन एकटीच बसली. सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी चालत्या बसमध्ये माइक बंद करून खाली बसले.

विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. घरोघरची माणसं पांढरे कपडे घालून, पुडाचे डबे हातात घेऊन आलेली. भाताच्या मुदी, केळीच्या पानातले पदार्थ, फळं, उदबत्त्या. आवाराच्या एका कोपऱ्यात काचेची खिडकी असलेलं उंच स्मारक होतं. फणसळकर काका बघायला गेले आणि पांढरेफटक पडून परत आले. आत कवट्या रचलेल्या होत्या. चाळीसेक वर्षांपूर्वी ह्या देशात त्यांच्याच सरकारने त्यांचीच माणसं लाखांनी मारली, हे मी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. पण माइकवरून सांगणं वेगळं आणि काचेपलीकडून ते आपल्याकडे बघणं वेगळं.

सोफालची आई चटईवर बसली होती. सत्तरीची, केस अगदी बारीक कापलेले, खांद्यावर चौकड्यांचा गमछा. तिने हाताने शेजारची जागा थोपटली. माझी आई माझ्यावर रागावलेली, पण वडीलधाऱ्या बाईने बस म्हटल्यावर उभं राहायची नाही. ती बसली. डबा मांडीवर. आणि बसल्या बसल्या पिशवीतून फोटो काढला.

"तिका इचार," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांका खय बघल्यान काय."

मी सोफालला इंग्रजीत सांगितलं, सोफालने त्याच्या आईला. मला वाटलं म्हातारी हसेल, नाहीतर झाडूवालीसारखी मान हलवेल. तिने फोटो हातात घेतला. गमछ्याच्या टोकाने त्यावरची धूळ पुसली. उजेडाकडे धरून नीट बघितला. मग काहीतरी विचारलं.

"ती विचारते," सोफाल म्हणाला, "यांना जेवायला काय आवडायचं?"

मी आईला सांगितलं. आई गडबडली. एकतीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नसावं. मीसुद्धा नाही.

"तांदळाची भाकरी. सुक्या सुंगटांची चटणी. आणि हे लाडू, बोटीर जाताना डबो भरून न्हेयत."

म्हातारीने मान डोलावली आणि मग बोलायला लागली. हळू, थांबून थांबून, पोराला सांगायला वेळ देत. तिचा नवरा शाळामास्तर होता. एके दुपारी बंदूकवाले आले. म्हणाले, शिकायला नेतो, तीन दिवसांनी आणून सोडू. तो एक जादा सदरा घेऊन गेला, चष्मा घरीच राहिला. ती वाट बघत राहिली. लढाई संपली, राजवट गेली, गावची माणसं परत आली, तरी वाट बघत राहिली. रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढून ठेवायची. बारा वर्षं. यादीत त्याचं नाव घालू द्यायची नाही. सोफालने एकदा चोरून घातलं तर त्याला घराबाहेर काढलं होतं.

इथे सोफालने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"मग?" आईने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिने सरळ त्या म्हातारीलाच विचारलं.

म्हातारी काय विचारलं ते समजली. पुढचं सोफालने मला सांगितलं आणि मी थांबले. हे मी आईला कसं सांगू?

"काय म्हणता? सांग."

"आई, त्या म्हणतात, आमच्यात असं मानतात की मेलेल्या माणसाला वर्षातून फक्त हे पंधरा दिवस सोडतात. त्याला घरी येता येत नाही. तो देवळाच्या दाराशी येतो. आपलं नाव घेतलं जातंय का ते ऐकतो. नाही ऐकू आलं तर दुसऱ्या देवळात जातो. असा सातव्या देवळापर्यंत जातो. कुठेच आपलं कुणी भेटलं नाही, तर उपाशी परत." मी एकदा त्या म्हातारीकडे बघितलं. "त्या म्हणतात, मी घरी ताट वाढून बसले होते, आणि तो बारा वर्षं इथे दारोदार फिरत होता."

आई माझ्याकडे रोखून बघत होती.

"तूच शिकयलंस तेका."

"तुझी शप्पथ, आई. तुझी शप्पथ."

भोवती माणसं येत होती, वाकत होती, मुदी ठेवत होती. मग तिने विचारलं, "आणि ते जिते आसले तर? जित्याच्या नावान घातला तर?"

ह्यावर म्हातारी पहिल्यांदा हसली. दात दोन-तीनच होते. तिने काचेच्या त्या स्मारकाकडे हात केला.

"ती म्हणते," सोफालने सांगितलं, "जिवंत असला तर तो त्याच्या घरी जेवेल. इथलं दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जाईल. ज्यांचं नाव घ्यायला कुणीच उरलं नाही असे इथे थोडे आहेत का?"

आईने फोटो हातात घेतला. पदराने पुसला, म्हातारीने पुसला होता तसाच.

"किती वर्षा म्हटलंस गे?"

"एकतीस."

"एकतीस वर्षा उपाशी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती मनात काहीतरी बघत होती, आणि ते जे काय होतं ते तिला सोसवत नव्हतं. गुडघ्यावर हात देऊन ती उठली. मी धरायला गेले तर हात झटकला नाही.

नावं घेणारे एक वयस्क गृहस्थ भिक्षूंच्या पायऱ्यांशी बैठ्या मेजावर बसले होते. आईने पोलक्यातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. घामाने भिजून शाई पसरली होती. अक्षर म्हणून एक उरलं नव्हतं. गृहस्थांनी कागद उलटासुलटा केला आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं.

"नाव विचारतायत," सोफाल म्हणाला.

मी पुढे झाले. आयुष्यभर हे माझंच काम होतं. शाळेत, बँकेत, रेशनच्या दुकानात, पासपोर्टच्या खिडकीत.

आईने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे सारलं.

"तू गप रव. मी सांगतंय."

तिने पदर डोक्यावरून घेतला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले. गृहस्थ लेखणी धरून थांबले होते, मागे रांग थांबली होती.

"दत्ताराम," आई म्हणाली.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कोवळा, लाजल्यासारखा आवाज होता तो, घरात नव्याने आलेल्या मुलीचा. मी सदतीस वर्षांची घोडी तिथे सगळ्यांसमोर हमसून रडायला लागले.

"दाता राम," गृहस्थ लिहिता लिहिता म्हणाले.

"दाता न्हय." आई वाकली. "दत्ता. दत्ता-राम."

"दाता-राम."

"न्हय ओ! दत्ता! दत्ताराम!" ती मेजावर बोटाने ठोकून सांगायला लागली. "दत्ताराम. दत्ताराम. सोफाल, सांग रे तेंका नीट. चुकीच्या नावान हाक मारल्यार ते ओ कशी देतले?"

किती वेळा म्हणाली कोण जाणे. शेवटी त्या गृहस्थांना ते जमलं. त्यांनी अगदी आमच्या गावच्या माणसासारखं "दत्ताराम" म्हटलं, तेव्हा आईने "हां" म्हणून सुस्कारा सोडला.

आम्ही चटईवर जाऊन बसलो. नावं वाचायला सुरुवात झाली. न कळणारी शेकडो नावं, एकामागून एक, संथ. फणसळकरांची सतराही येऊन गेली. आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवटी शेवटी ते आलं, स्वच्छ, कानामात्रेची चूक नाही.

आईने लगेच दाराकडे बघितलं. दारात उन्हाखेरीज काही नव्हतं, पण ती थोडी सरकली आणि शेजारी एका माणसाची जागा केली. मग डबा उघडला. सोफालच्या आईने आपल्या ताटलीतली भाताची मूद कडेला सारून जागा दिली. आईने एकेक करून सगळे लाडू त्या ताटलीत ठेवले आणि ताटली त्या रिकाम्या जागेपुढे सरकवली.

"सवकास जेवा," ती म्हणाली.